वजन उतरतंय, छाती धडधडतेय? जास्त चालणारं थायरॉइड कसं ओळखायचं

आपल्याकडे थायरॉइड म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो, अच्छा म्हणून वजन वाढलंय होय. थायरॉइड म्हणजे जाड होणं, सुस्ती, केस गळणं आणि सकाळी उपाशीपोटी एक गोळी, एवढंच बहुतेकांना माहीत असतं, आणि ते चूक नाहीये कारण कमी चालणारं थायरॉइडच जास्त बघायला मिळतं. पण हीच ग्रंथी उलट्या बाजूनेही बिघडते, गरजेपेक्षा जास्त हार्मोन सोडायला लागते, त्याला हायपरथायरॉइड म्हणतात, आणि त्यात माणूस बारीक होतो. बारीक झालेल्या माणसाला कोणी विचारत नाही की थायरॉइड तपासलंस का, उलट कौतुकच होतं.

माझ्या ताईचं अगदी हेच झालं. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तेव्हा वय ३८. जून ते नोव्हेंबर ह्या पाच महिन्यांत ६२ किलोवरून ५३ वर आली. शाळेतल्या बाकीच्या बाई विचारायच्या, मॅडम काय डाएट चाललंय आम्हालाही सांगा ना, आणि इकडे घरी ताई दोन भाकऱ्यांच्या जागी चार खायची, रात्री अकराला उठून परत काहीतरी तोंडात टाकायची, तरी बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होत्या. आई म्हणाली दृष्ट लागलीये पोरीला, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. छातीत धडधडतं आणि झोप येत नाही म्हणून एका दवाखान्यात दाखवलं तर तिथे टेन्शन आहे म्हणून झोपेची गोळी आणि ॲसिडिटीची गोळी मिळाली. शुगर केली, नॉर्मल आली. थायरॉइड कोणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण ताई जाड झाली नव्हती.

शेवटी कळलं ते फळ्यावरून. ताईचं अक्षर सगळ्या केंद्रात प्रसिद्ध, शिरोरेषा एकदम पट्टीने मारल्यासारखी. नोव्हेंबरमध्ये तिसरीतली एक मुलगी म्हणाली, बाई आज तुमची रेघ हलतीये. ताईने मागे सरकून बघितलं तर खरंच, सगळी शिरोरेषा बारीक बारीक लाटांसारखी झालेली. हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा खटकलं की हे नुसतं टेन्शन नाहीये. म्हणून हे लिहितेय, तुमच्या घरात कोणाचे पाच-सहा महिने असे वाया जाऊ नयेत. मी डॉक्टर नाही, पण ताईच्या मागे फिरताना जे समजून घेतलं, डॉक्टरांना विचारून विचारून पक्कं केलं, तेवढंच सांगतेय.

आधी थोडक्यात काय बिघडतं ते. गळ्याच्या पुढच्या बाजूला घाटीच्या खाली फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते, ती टी-४ आणि टी-३ नावाची हार्मोन्स सोडते, आणि शरीर किती वेगाने चालायचं हे त्यावर ठरतं. ती जास्त झाली की हृदय, आतडी, स्नायू, मन, घाम, सगळंच धावायला लागतं. म्हणून ह्या आजाराची लक्षणं एका जागी नसतात आणि म्हणूनच माणूस एकदा पोटाच्या डॉक्टरकडे जातो, एकदा हृदयाच्या, एकदा केसांच्या. एकेक लक्षण सुटं बघितलं तर प्रत्येकाला काहीतरी साधं कारण सापडतंच. ती एकत्र मांडून बघणं हे खरं काम आहे आणि ते घरच्या माणसाला डॉक्टरपेक्षा जास्त चांगलं जमतं, कारण आपण माणूस रोज बघतो.

काय काय बघायचं

भूक वाढलीये, खाणं वाढलंय आणि तरी वजन उतरतंय, हे सगळ्यात आधी. असं दोनच-चार आजारांत होतं, एक डायबिटीस आणि एक हे. सगळ्यांचंच वजन उतरतं असं मात्र नाही, काही जण, विशेषतः तरुण, इतकं खातात की वजन तिथेच राहतं किंवा थोडं वाढतंसुद्धा, त्यामुळे वजन कमी झालं नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

मग उकाडा. डिसेंबरात घरातले सगळे गोधडीत आणि एकच माणूस पंखा पाचवर लावून झोपतोय, त्यावरून भांडणं होतायत, असं असेल तर लक्ष द्या. घाम सारखा येतो, तळवे ओले आणि गरम लागतात. दिवसातून तीन-चारदा संडासला जावं लागतं, जुलाब असतातच असं नाही, नुसतं वारंवार होतं. पाळी कमी जाते किंवा लांबते. केस पातळ आणि मऊ होतात. झोप लागत नाही, लागली तरी पहाटे टक्क जाग. चिडचिड होते, लहानसहान गोष्टीवर रडू येतं, आणि हे घरच्यांना सगळ्यात आधी दिसतं पण त्याला सगळे स्वभाव म्हणतात. ताईच्या नवऱ्याने, म्हणजे भावजींनी नंतर मला सांगितलं की मला वाटत होतं ही माझ्यावर कशावरून तरी रागावलीये आणि सांगत नाहीये. पाच महिने तो माणूस त्याच विचारात होता.

आणि एक लक्षण ज्याबद्दल फार कोणी बोलत नाही, मांड्यांतली ताकद जाणं. खाली मांडी घालून जेवायला बसलं की उठताना हात टेकावा लागतो, एसटीची पहिली पायरी चढताना दांडा धरून स्वतःला ओढावं लागतं, वरच्या फळीवरचा डबा काढताना दंड भरून येतात. चाळिशीच्या आतल्या माणसाला असं होत असेल तर अशक्तपणा म्हणून टॉनिक आणू नका, तपासा.

घरी करून बघायच्या गोष्टी

नाडी मोजणं हे सगळ्यात कामाचं. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठायच्या आधी, चहाच्या आधी, मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवायची (अंगठ्याने मोजू नका, अंगठ्यालाच स्वतःचे ठोके लागतात) आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. सलग तीन-चार दिवस लिहून ठेवा. मोठ्या माणसाची नॉर्मल नाडी ६० ते १०० धरतात, पण सकाळी पडल्यापडल्या ती बहुतेकांची ६०-८० च्या घरात असते. रोजच ९०-१०० च्या वर येत असेल आणि वरचं आणखी काही जुळत असेल तर टेस्ट करायला वेळ लावू नका. ताईची ११२, ११८, ११४ अशी आली होती, आणि ती म्हणत होती मी तर शांत पडलीये. घरात कोणाकडे स्मार्टवॉच असेल तर झोपेतले ठोके बघा, मनावरच्या ताणाने वाढलेले ठोके झोपेत बरेचसे खाली येतात, थायरॉइडचे झोपेतही तसेच वर राहतात.

मोजताना ठोके एका लयीत आहेत का तेही बघा. मधेच चुकतायत, कधी जवळजवळ कधी लांब पडतायत असं वाटलं तर थायरॉइडच्या रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी ईसीजी काढा. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश १९९१ च्या मे महिन्यात जॉगिंग करताना असेच ठोके बिघडून हॉस्पिटलमध्ये गेले होते, आणि त्याच्यामागे निघालं थायरॉइड, ग्रेव्हज नावाचा आजार. त्यांची पत्नी बार्बरा यांना तोच आजार आधीच निघालेला होता, तरी यांच्या बाबतीत तो सापडला ठोके बिघडल्यावरच.

दुसरं, कागदाची टेस्ट. दोन्ही हात समोर सरळ धरायचे, बोटं पसरायची, हाताच्या पाठीवर वहीचा एक पातळ कागद ठेवायचा. बारीक भरभर थरथर नुसत्या डोळ्याला दिसत नाही पण कागदाच्या कडेला लगेच दिसते. रांगोळीची रेघ, सुईत दोरा ओवणं, बशीत कप खडखडणं, ही सगळी तीच गोष्ट सांगतात.

तिसरं गळा. आरशासमोर उजेडात उभं राहून मान किंचित मागे करायची, एक घोट पाणी प्यायचं आणि गिळताना घाटीच्या खाली बघायचं. गिळताना वर जाणारा आणि परत खाली येणारा फुगवटा दिसला तर ती थायरॉइडची गाठ किंवा सूज असू शकते, जुनी माणसं ज्याला गलगंड म्हणायची. मंगळसूत्र किंवा शर्टाचं वरचं बटण आवळल्यासारखं वाटणं हीसुद्धा खूण. जोरात दाबून बघू नका. आणि काही दिसलं नाही म्हणजे आजार नाही असंही नाही, बऱ्याच जणांचा गळा अगदी सपाट असतो.

चौथं डोळे. समोर सरळ बघताना बुबुळाच्या वरच्या बाजूला पांढरा भाग दिसतोय का, म्हणजे चेहरा सतत दचकल्यासारखा वाटतोय का. बोट समोर धरून हळूहळू खाली न्या आणि त्यांना नजर बोटावर ठेवायला सांगा, डोळा खाली गेला तरी वरची पापणी मागे रेंगाळत असेल तर ती ठळक खूण. ह्यासाठी जुना फोटो शेजारी धरून बघा, आधार कार्डचा चालेल, रोज बघणाऱ्याला बदल लक्षात येत नाही पण फोटोत चटकन दिसतो. डोळ्यात खडे टोचल्यासारखं होणं, पाणी येणं हे ग्रेव्हजमध्ये होतं. एकाचे दोन दिसायला लागले, डोळा दुखायला लागला, रंग फिके दिसायला लागले तर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरकडे ताबडतोब, कारण तिथे नजर जाऊ शकते.

कशात गल्लत होते

टेन्शन किंवा अँक्झायटीत पण धडधड, घाम, थरथर असते, पण तिथे तळवे सहसा गार आणि ओले असतात, इथे गरम आणि ओले. चाळिशी-पंचेचाळिशीच्या बायकांना सगळे सांगतात पाळी जायची वेळ आलीये, पण त्या वाफा येतात आणि जातात, थायरॉइडचा उकाडा दिवसभर मुक्कामाला असतो. अर्थात हे काही शंभर टक्के नियम नाहीत, दोन्ही एकत्र पण असू शकतं, म्हणून रक्त तपासायचंच.

बाळंतिणीकडे तर नीट लक्ष द्याच. बाळंतपणानंतर पहिल्या काही महिन्यांत थायरॉइडला सूज येऊन साठलेलं हार्मोन एकदम बाहेर पडतं, धडधड, झोप नाही, बारीक होणं, चिडचिड, आणि सगळे म्हणतात रात्रीची जागरणं आहेत अंगावर पाजतेय त्याने होतंय. नंतर काही महिन्यांनी तेच थायरॉइड मंद पडतं, मग ती सुस्त होते, उदास होते, आणि तेव्हाही तिलाच दोष.

म्हाताऱ्या माणसांत सगळं उलट दिसू शकतं. ना थरथर, ना घाम, ना भूक. नुसतं एका कोपऱ्यात बसून राहतात, जेवण कमी होतं, वजन झपाट्याने उतरतं, दम लागतो, ठोके अनियमित होतात. घरचे मनात कॅन्सरची भीती धरून बसतात किंवा वयच झालंय म्हणतात. सत्तरीच्या माणसाचं कारण नसताना वजन उतरलं तर बाकीच्या तपासण्यांबरोबर टीएसएच ही थायरॉइडची रक्ताची टेस्ट लिहून घ्याच.

आणि तरुण पोरांमध्ये एक विचित्र प्रकार, जो आशियाई पुरुषांत दिसतो. आदल्या रात्री लग्नात भरपूर भात, गोडधोड खाल्लं किंवा जिममध्ये खूप घाम गाळला, आणि पहाटे जाग आली तर पाय हलतच नाहीत. रक्तातलं पोटॅशियम एकदम खाली गेलेलं असतं आणि मुळाशी असतं थायरॉइड, ज्याची त्याला कल्पनाही नसते. घरी पाय चोळत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा, कारण पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाला धोका असतो.

कोणाला धोका जास्त

बायकांना पुरुषांपेक्षा कितीतरी पटीने जास्त. घरात आई, मावशी, बहीण, कोणालाही थायरॉइडचा कुठलाही त्रास असेल, अगदी कमी चालणारं असलं तरी, धोका वाढतो. ताईचं निघाल्यावर माझी आणि आईची पण टेस्ट केली, आईचं कमी चालणारं निघालं, म्हणजे एकाच घरात दोन टोकं. कारणांमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो ग्रेव्हज, आयरिश डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून त्यांचं नाव. त्यात आपलीच प्रतिकारशक्ती ग्रंथीला सारखी ढोसत राहते, आणि तो जास्त करून विशीपासून पन्नाशीपर्यंत होतो. टाइप वन डायबिटीस, अंगावर पांढरे कोड, असे प्रतिकारशक्तीचेच दुसरे आजार असतील तर जास्त जपायचं. विडी-सिगरेटने ग्रेव्हजचा धोका वाढतो आणि डोळ्यांचा त्रास तर फारच बळावतो, इथे सवलत नाही. साठीच्या पुढे ग्रेव्हजपेक्षा गळ्यातल्या जुन्या गाठी कारण असण्याची शक्यता वाढते, वर्षानुवर्षं गप्प असलेली गाठ स्वतःच हार्मोन बनवायला लागते.

आयोडीनबद्दल खूप गोंधळ आहे. हायपर निघालं की लोक घरातलं आयोडीनचं मीठ टाकून सैंधव आणतात. आपल्या देशात १९६२ पासून गलगंडाविरुद्ध सरकारी कार्यक्रम चालू आहे आणि आयोडीनच्या मिठानेच गावंच्या गावं ह्यातून बाहेर आलीत, घरात वाढती मुलं आणि गरोदर बाई असताना ते बंद करू नका. धोका असतो तो आयोडीनच्या मोठ्या डोसाचा. समुद्री शेवाळाच्या गोळ्या, सीटी स्कॅनच्या आधी शिरेतून देतात ते औषध, आणि हृदयाचे ठोके नीट ठेवायला देतात ती ॲमिओडॅरोन. रोजची गरज आहे साधारण १५० मायक्रोग्रॅम, आणि ॲमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ७५ मिलिग्रॅमच्या आसपास आयोडीन असतं, हिशोब करून बघा. म्हणून घरात कोणाला ही गोळी चालू असेल तर दर काही महिन्यांनी थायरॉइड तपासून घ्यायचं असतं, गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही.

आणि एक कारण आपण स्वतःच तयार करतो. कमी थायरॉइडची गोळी चालू असते, वजन उतरत नाही म्हणून कोणी मनानेच ५० ची १०० करतं, किंवा दोन-दोन वर्षं टेस्ट न करता जुनाच डोस चालू ठेवतं. मग तीच धडधड, तीच थरथर. वजन कमी करायच्या काही पावडरी-गोळ्यांमध्ये चोरून थायरॉइड हार्मोन घातलेलं सापडलेलं आहे, त्यामुळे महिन्यात आठ किलो उतरवणारी पुडी कोणी दिली तर हात लावू नका. हार्मोन असं जास्त राहिलं की हृदय आणि हाडं दोन्हींचं नुकसान होतं.

टेस्ट कशी करायची

पहिली टेस्ट टीएसएच, काहीशे रुपयांत होते, ह्याच्यासाठी उपाशी राहावं लागत नाही. टीएसएच हे मेंदूतून थायरॉइडला येणारं फर्मान, ग्रंथी जास्त काम करत असेल तर मेंदू ते फर्मान थांबवतो, म्हणून हायपरमध्ये टीएसएच खूप कमी येतं. साधारण ०.४ ते ४ ही रेंज असते, लॅबप्रमाणे थोडी बदलते, ताईचं ०.०१ पेक्षाही कमी होतं. कमी आकडा बघून घरचे म्हणाले चला कमीच आहे, बरं झालं! तसं नाहीये, इथे कमी म्हणजेच जास्त. त्यासोबत फ्री टी-४ आणि टी-३ दोन्ही करा, कारण काहींचं टी-४ नॉर्मल आणि फक्त टी-३ वाढलेलं असतं.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबमध्ये आणि डॉक्टरांना आधी सांगा. काही मशिनवर बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसतं, म्हणजे आजार नसताना रिपोर्ट हुबेहूब ग्रेव्हजचा. निदान दोन दिवस आधी बंद करतात, डोस मोठा असेल तर आणखी आधी. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतही टीएसएच आपोआप खाली येतं, विशेषतः उलट्या खूप होत असतील तर, तिथे घाबरून जाऊ नका आणि रिपोर्ट आपला आपण वाचू नका.

हायपर आहे एवढं कळून भागत नाही, कशामुळे ते कळायला हवं. त्यासाठी टीआरएबी नावाची अँटिबॉडी टेस्ट किंवा थायरॉइड स्कॅन करतात, गरोदर बाईला स्कॅन करत नाहीत आणि अंगावर पाजत असाल तर आधी सांगायचं. व्हायरल तापानंतर गळा दुखून आलेली सूज असेल तर ती बहुधा आपली आपण उतरते, तिथे कार्बिमॅझोलचा, म्हणजे हार्मोन बनणं कमी करणाऱ्या गोळीचा, उपयोग नसतो, ग्रेव्हजला असतो. ती गोळी चालू झाल्यावर ताप, घसादुखी, तोंडात फोड आले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रक्ताची सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) करून डॉक्टरांना दाखवायचं, कारण क्वचित का होईना पांढऱ्या पेशी एकदम कमी होतात. हे ताईला लिहूनच दिलं होतं, ते आम्ही फ्रिजवर लावलंय.

थांबायचंच नाही अशी वेळ म्हणजे खूप ताप, नाडी १४० च्या वर, उलट्या-जुलाब, आणि माणूस बरळतोय किंवा गुंगीत जातोय. आधीपासून हायपर असलेल्या माणसाने गोळ्या सोडल्या आणि वर एखादं इन्फेक्शन किंवा ऑपरेशन झालं तर असं होऊ शकतं. हे जिवावरचं आहे, मोठ्या हॉस्पिटलमध्ये आणि सरळ इमर्जन्सीत न्या.

उशीर झाला म्हणून खचू मात्र नका. अमेरिकेची धावपटू गेल डेव्हर्स हिला आधी बराच काळ निदानच मिळालं नव्हतं, मग ग्रेव्हज निघाला, उपचारात पायांची अवस्था इतकी वाईट झाली की पाय कापायची भाषा झाली, आणि तीच १९९२ मध्ये बार्सिलोनाला १०० मीटरचं सुवर्णपदक जिंकली.

डॉक्टरकडे जाताना एक चिठ्ठी न्या, एवढं नक्की करा. समोर बसलं की आपण धडधडतं एवढंच सांगतो आणि बाकीचं राहून जातं. दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना मी ताईच्या वहीच्या पानावर लिहून दिलं होतं : वजन जूनमध्ये ६२, आता ५३, खाणं दुप्पट. सकाळी अंथरुणात नाडी ११२, ११८, ११४. संडास दिवसातून चारदा. थंडीत पंखा. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. पाळी दोन महिने अगदी कमी. फळ्यावर रेघ हलते. मावशीला थायरॉइडची गोळी चालू. बायोटिन नाही, दुसरं काही औषध नाही. डॉक्टरांनी ती चिठ्ठी एकदा वरपासून खालपर्यंत वाचली, मग खुर्चीतून उठून ताईच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले, दोन्ही हातांची बोटं अलगद तिच्या गळ्यावर ठेवली आणि मला म्हणाले, त्यांना एक घोट पाणी द्या.